नोंदी गाळण्याची चार दशके: वेब सर्व्हरच्या लॉगमधला गोंगाट

वेब अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमधला गोंगाट म्हणजे कोणीही कधीही वाचणार नाही अशा ओळींची गर्दी. सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टची, प्रत्येक क्वेरीची, प्रत्येक किरकोळ तक्रारीची नोंद करत राहतो. मग मध्यरात्री पेमेंट अडकले की त्याचे कारण सांगणारी एकुलती एक ओळ त्या ढिगाखाली सापडता सापडत नाही. नोंद करायला काही लागत नाही, वाचणाऱ्याचे लक्ष मात्र मोजकेच असते. ही ओढाताण वेबच्याही आधीपासूनची आहे. तिच्यावर जे उपाय निघाले त्यांत सुरुवातीपासून दोन जाती दिसतात. काही उपायांनी नकोशा ओळी पुसून टाकल्या. काहींनी त्या झाकल्या, पण किती झाकल्या याचा आकडा मागे ठेवला. खरे कामाला आले ते बहुतांशी दुसऱ्या जातीचे.

१९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या कामासाठी ‘सिसलॉग’ तयार केले. तोवर युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम आपल्याला सुचेल त्या फाइलमध्ये, सुचेल त्या पद्धतीने लिहीत असे. सिसलॉगने प्रत्येक संदेशावर दोन शिक्के मारायला लावले: संदेश कोणत्या विभागाचा (मेल, कर्नल, लॉगिन वगैरे) आणि तो किती गंभीर. गांभीर्याच्या पायऱ्या आठ होत्या. ० म्हणजे यंत्रणाच कोलमडली, ३ म्हणजे एरर, ४ म्हणजे वॉर्निंग आणि ७ म्हणजे डीबग. कोणती पायरी कुठल्या फाइलमध्ये जाईल, कोणती थेट अ‍ॅडमिनच्या पडद्यावर उमटेल आणि कोणती सोडून द्यायची, हे एका छोट्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठरे. लिहिणाऱ्याने शिक्का मारायचा आणि वाचणाऱ्याने निवडायचे, ही कामाची वाटणी तेव्हापासून आजवर कायम आहे. सिसलॉगचे लेखी वर्णन मात्र फार उशिरा, २००१ साली आरएफसी ३१६४ मध्ये झाले. त्यातही चालत आलेली वहिवाटच नोंदवली होती. काटेकोर मानक २००९ च्या आरएफसी ५४२४ ने दिले.

सिसलॉगच्या बर्कलीतल्या डिमनमध्ये आणखी एक लहानशी सोय होती, आणि या साऱ्या इतिहासातली ती सर्वांत शहाणी सोय म्हणावी लागेल. तोच संदेश लागोपाठ येऊ लागला की डिमन तो पुन्हा पुन्हा लिहीत नसे. थोडा वेळ थांबून ‘आधीचा संदेश इतक्या वेळा आला’ अशी एकच ओळ टाकत असे. डिस्क भरली की प्रत्येक प्रोग्राम तेच रडगाणे सेकंदाला कितीतरी वेळा गातो. अशा वेळी शंभर ओळींच्या जागी दोन ओळी उरत आणि वाचणाऱ्याच्या हातून काहीच निसटत नसे, कारण आकडा समोर असे. लिनक्स कर्नलने पुढे हीच वाट धरली. पाच सेकंदांत दहापेक्षा अधिक वेळा आलेला संदेश तो दाबतो आणि किती दाबले ते नंतर एका ओळीत सांगतो.

गांभीर्याच्या पायऱ्यांमध्ये एक मूळचाच दोष होता. शिक्का मारणारा प्रोग्रामर आणि रात्री जागणारा अ‍ॅडमिन एकमेकांना ओळखत नसत. स्वतःच्या कोडमधली प्रत्येक अडचण प्रोग्रामरला मोठी वाटे, त्यामुळे ‘एरर’ या शिक्क्याला हळूहळू अर्थ उरेना. म्हणून गाळण्याचे काम वाचणाऱ्याकडे सरकले. १९९३ साली स्टॅनफर्डमधल्या स्टीफन हॅन्सन आणि टॉड अ‍ॅटकिन्स यांनी ‘स्वॉच’ हा प्रोग्राम मांडला. तो लॉगवर सतत नजर ठेवी आणि ठरावीक नमुन्याची ओळ दिसली की अ‍ॅडमिनला कळवी. काय शोधायचे हे आधी माहीत असेल तर स्वॉच उत्तम काम करे, पण नवा बिघाड असे आधी कळवून येत नाही.

याच सुमारास वेबचा लॉग जन्माला आला. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी १९९३ साली लिहिलेल्या वेब सर्व्हरपासून ‘कॉमन लॉग फॉरमॅट’ रूढ झाला. एका रिक्वेस्टला एक ओळ आणि ओळीत सात रकाने: मागणाऱ्याचा पत्ता, त्याची ओळख, लॉगिनचे नाव, वेळ, काय मागितले, उत्तराचा कोड आणि किती बाइट गेले. यातला दुसरा रकाना मागणाऱ्याच्या यंत्राला विचारून भरायचा होता. तशी विचारपूस जवळजवळ कोणीच केली नाही, त्यामुळे जगभरच्या कोट्यवधी ओळींत तिथे नुसती आडवी रेघ आहे. १९९५ साली आलेल्या अपाचेने हाच साचा उचलला.

या साच्यात गांभीर्याची पायरीच नव्हती, आणि वेबच्या लॉगचा गोंगाट सिसलॉगपेक्षा वेगळा झाला तो इथे. मुख्य पान मागितले काय आणि त्यातले ठिपक्याएवढे चित्र मागितले काय, दोन्हींना सारखीच ओळ मिळे. वीस चित्रांचे पान एकदा उघडले की एकवीस ओळी. दर १०,००० रिक्वेस्टमागे लॉग १ एमबी किंवा त्याहून जास्त वाढतो, असा इशारा अपाचेची मार्गदर्शिका देते. फाइल ठरावीक काळाने बदलून जुनी दाबून ठेवण्याची सोय लवकरच आली, पण तिने डिस्क वाचली, वाचकाचे डोळे नाहीत. लॉगवरून वाचकसंख्या काढणाऱ्या १९९५ च्या ‘अ‍ॅनालॉग’सारख्या प्रोग्रामांना चित्रे वगळून फक्त पाने मोजावी लागत. नाहीतर सजावट जास्त असलेली साइट विनाकारण लोकप्रिय दिसे.

मग ज्यांना कोणी बोलावले नव्हते असे पाहुणे आले. १९९४ साली मार्टेन कॉस्टर यांनी सुचवलेल्या संकेतानुसार शोधयंत्रांचे रोबॉट आत शिरण्याआधी ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल मागू लागले. ती नसली की प्रत्येक खेपेला ४०४ ची नोंद पडे. मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती आली. वापरणाऱ्याने पान आवडत्या यादीत टाकले की हा ब्राउझर साइटच्या मुळाशी ‘फेव्हआयकॉन डॉट आयसीओ’ हे चिन्ह मागे. ते बहुतेकांकडे नव्हतेच. एरर लॉग ‘फाइल सापडली नाही’ या तक्रारीने भरू लागले आणि अ‍ॅडमिन वैतागले. तरी काही जणांच्या लक्षात आले की या तक्रारी मोजल्या तर किती लोकांनी आपले पान जपून ठेवले याचा अंदाज मिळतो. हा आकडा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नव्हता. पुढे ब्राउझर प्रत्येक भेटीत ते चिन्ह मागू लागले आणि तो अंदाजही निकामी झाला.

जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ हा किडा पसरला. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमधल्या एका छिद्रातून तो आत शिरे. १९ जुलैला चौदा तासांच्या आत त्याने ३,५९,००० हून अधिक यंत्रे पछाडली. अपाचे सर्व्हरला त्याच्यापासून काडीचाही धोका नव्हता, पण समोर कोणता सर्व्हर आहे हे किडा विचारत नसे. त्यामुळे अपाचेच्या लॉगमध्ये ‘डिफॉल्ट डॉट आयडीए’ची मागणी आणि तिच्यापुढे एन या अक्षराची भलीमोठी माळ अशा ओळींचा पाऊस पडला. ऑगस्टमध्ये आलेल्या दुसऱ्या किड्याच्या माळेत एनच्या जागी एक्स होता, आणि तेवढ्यावरून दोघे वेगळे ओळखता येत. सप्टेंबरमध्ये ‘निमडा’ आला. तो विंडोजचा कमांड प्रोग्राम शोधत एकापाठोपाठ एक पत्ते ठोठावत जाई.

याला अपाचेने दिलेले उत्तर म्हणजे अटींवर चालणारे लॉगिंग. ही सोय १.३ मालिकेत किड्यांच्या आधीच आली होती, तिची खरी गरज आता पडली. पत्ता अमुक नमुन्यात बसत असेल तर त्या रिक्वेस्टवर एक खूण करायची आणि लॉगच्या ओळीत सांगायचे की खूण नसेल तरच लिही. अपाचेच्या मार्गदर्शिकेतल्या उदाहरणात याच पद्धतीने खुद्द सर्व्हरच्या स्वतःकडून आलेल्या आणि रोबॉट्स फाइलच्या मागण्या गाळल्या आहेत. काही अ‍ॅडमिननी किड्यांच्या ओळी पुसल्या. काहींनी त्या वेगळ्या फाइलमध्ये वळवल्या, आणि त्यांचे पाऊल अधिक योग्य होते. त्या फाइलमधले पत्ते ही लागण झालेल्या यंत्रांची आयती यादी होती आणि ती त्या त्या नेटवर्कच्या चालकांना कळवता येई. नंतर पुढे आलेल्या एनजिनएक्स सर्व्हरच्या असंख्य कॉन्फिगरेशनमध्ये फेव्हआयकॉनसाठी लॉग बंद करणाऱ्या दोन ओळी जणू वारशाने चालत आल्या आहेत.

किडे येण्याच्या चार वर्षे आधी, १९९७ साली, सुरक्षातज्ज्ञ मार्कस रॅनम यांनी एक उलटा विचार मांडला होता. काय शोधायचे याची यादी करण्याऐवजी कशाकडे दुर्लक्ष करायचे याची यादी करायची. या पद्धतीला त्यांनी कृत्रिम अज्ञान असे गमतीदार नाव दिले. साधने युनिक्सवरची रोजचीच होती. लॉगमधल्या प्रत्येक ओळीतून तारीख, वेळ आणि प्रोसेसचा क्रमांक खरवडून काढायचा. उरलेल्या ओळी क्रमाने लावायच्या, सारख्या ओळी एकत्र करून त्यांची संख्या पुढे लिहायची आणि सर्वाधिक वेळा आलेली ओळ वर येईल अशी मांडणी करायची. दहा लाख ओळी मग काही शे ओळींत मावतात. वरच्या ओळी बहुधा नेहमीच्या आणि निरुपद्रवी निघतात, त्यांचे नमुने दुर्लक्षाच्या यादीत टाकायचे. असे काही दिवस केले की रोज उरतात त्या फक्त पूर्वी कधीच न दिसलेल्या ओळी. स्वॉचला न जमलेले काम हेच होते. रॅनम यांचा दुसरा आग्रह तितकाच मोलाचा आहे: दुर्लक्षित ओळींची संख्याही पाहत राहावे. रोज दोन हजार वेळा येणारी बिनमहत्त्वाची ओळ आज एकदाही आली नाही, तर ती फार महत्त्वाची बातमी असते.

रॅनम यांनी हाताने केलेले काम पुढे संशोधकांनी यंत्राकडे सोपवले. २००३ मध्ये एस्टोनियाच्या रिस्टो वारांदी यांनी ओळींमधले कायमचे शब्द आणि बदलते शब्द आपोआप वेगळे करून नमुने काढणारे साधन प्रसिद्ध केले. २०१७ च्या ‘ड्रेन’ या पद्धतीने हेच काम ओळ येताक्षणी होऊ लागले. आजच्या व्यावसायिक सेवांमधला ‘सारख्या ओळी एकत्र दाखवा’ हा पर्याय याच विचारातून आला आहे.

दरम्यान अ‍ॅप्लिकेशनच्या आतला आवाज वाढला होता. चेकी ग्युल्चू यांच्या ‘लॉग फोर जे’ची १.० आवृत्ती २००१ मध्ये आली आणि जावाच्या जगात तिने घर केले. तिचे वैशिष्ट्य नावांच्या वंशावळीत होते. प्रत्येक क्लासचा लॉगर वेगळा, आणि पॅकेजच्या नावानुसार तो वरच्या लॉगरचे नियम पाळे. त्यामुळे डेटाबेसशी बोलणारी एखादी बोलघेवडी लायब्ररी एका ओळीत गप्प करता येई आणि त्याच वेळी स्वतःच्या कोडमधल्या एका भागाला डीबगवर ठेवता येई. पायथनमध्ये २००३ सालच्या २.३ आवृत्तीपासून अशीच रचना आली. विनय सजीप यांनी लिहिलेल्या त्या मॉड्यूलमध्ये पायऱ्यांना १० ते ५० असे दहादहाच्या अंतराने क्रमांक दिले आहेत. मधल्या जागेत कोणाला स्वतःची पायरी घालायची असेल तर ती घालता यावी.

साधन चांगले असले तरी सवयी लगेच बदलल्या नाहीत. मेथडमध्ये शिरताना एक ओळ आणि बाहेर पडताना एक ओळ लिहायची पद्धत कित्येक कंपन्यांच्या कोडिंग नियमांतच होती. त्याहून त्रासदायक म्हणजे एकच चूक तीनदा सांगणे. डेटाबेसचा थर चूक पकडतो, लॉगमध्ये लिहितो आणि पुन्हा वर फेकतो. मधला थरही तेच करतो. सर्वांत वरचा थर शेवटी पकडून आणखी एकदा लिहितो. प्रत्येक वेळी स्टॅक ट्रेसच्या साठ-सत्तर ओळी पडतात. एका तुटलेल्या कनेक्शनमागे दोनशे ओळी येतात आणि वाचणाऱ्याला वाटते तीन वेगवेगळे बिघाड झाले. यावरचा नियम सोपा आहे: एकतर लिहावे किंवा वर फेकावे, दोन्ही करू नये. तो सांगितला खूपदा गेला आणि पाळला कमी गेला. लिहायला विसरलो तर काय, ही भीती नियमापेक्षा मोठी ठरली. २०१५ मध्ये प्रोग्रामर डेव्ह चेनी यांनी थेट पायऱ्यांवरच प्रश्न उभा केला. वॉर्निंग कोणी वाचत नाही, म्हणून वापरणाऱ्यासाठी इन्फो आणि बनवणाऱ्यासाठी डीबग एवढ्या दोनच पुरेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते टोकाचे आहे, पण वॉर्निंगबद्दलचे निदान अचूक आहे.

वेब फ्रेमवर्कनी गोंगाटात आपली भर घातली. जँगो प्रत्येक ५०० एररमागे अ‍ॅडमिनला ईमेल पाठवू शकते. छोट्या साइटला हे सोयीचे, पण डेटाबेस पाच मिनिटे बंद पडला की इनबॉक्स बुडतो. या त्रासातूनच २००८ च्या सुमारास डेव्हिड क्रेमर यांचे ‘सेंट्री’ जँगोचे जोडसाधन म्हणून सुरू झाले. एकाच ठिकाणाहून आलेल्या चुका ते एका नोंदीत गोळा करी आणि बाजूला आकडा दाखवी. बर्कलीच्या डिमनची जुनी युक्ती इथे मोठ्या प्रमाणावर परतली. २०१३ मध्ये जँगोने खोट्या होस्ट नावाच्या रिक्वेस्ट नाकारायला सुरुवात केली तेव्हा इंटरनेटभर फिरणाऱ्या बॉटांमुळे चुकांच्या ईमेलचा नवा पूर आला. त्याच वर्षीच्या १.६ आवृत्तीने या तक्रारीला स्वतंत्र लॉगर दिला आणि तो कसा गप्प करायचा याचे उदाहरण थेट मार्गदर्शिकेत छापले. रेल्सची गत वेगळी नव्हती. २०११ च्या ३.१ आवृत्तीत चित्रे आणि स्टाइलशीट सर्व्हरमार्फत जाऊ लागल्या आणि डेव्हलपरच्या पडद्यावरचा लॉग त्यांच्याच ओळींनी वाहू लागला. ‘लॉगरेज’ या साधनाने रेल्सच्या एका रिक्वेस्टच्या अनेक विखुरलेल्या ओळी गोळा करून एकच ओळ केली. स्ट्राइप कंपनीने पुढे याच विचाराला शिस्तीचे रूप दिले: एका रिक्वेस्टच्या शेवटी तिचा वेळ, वापरकर्ता, क्वेरींची संख्या आणि निकाल एकत्र सांगणारी एक भरगच्च ओळ.

२००३ मध्ये ‘स्प्लंक’ कंपनी सुरू झाली, २००९ मध्ये जॉर्डन सिसेल यांचे ‘लॉगस्टॅश’ आले आणि २०१० मध्ये शाय बॅनन यांचे ‘इलॅस्टिकसर्च’. सगळ्या सर्व्हरचे लॉग एका जागी येऊन शोधता येऊ लागले. २०११ साली हेरोकूच्या मंडळींनी मांडलेल्या बारा सूत्रांत असेही सांगितले की अ‍ॅप्लिकेशनने फाइलींची उठाठेव करू नये, नुसते स्टँडर्ड आउटपुटवर लिहावे. गाळण्याची जागा त्यामुळे कोडबाहेर, वाटेवरच्या पाइपलाइनमध्ये गेली. स्प्लंक दिवसाला किती डेटा आला त्यावर पैसे घेई, आणि गोंगाट पहिल्यांदा बिलात दिसू लागला. डीबगची लेव्हल चुकून चालू राहिली तर ते आता हिशेबखात्यालाही कळे.

क्लाउडच्या काळातला सर्वांत मोठा गोंगाट कोणी हल्लेखोर करत नाही, घरचाच पहारेकरी करतो. लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला ‘जिवंत आहेस का’ असे विचारतो. दर दहा सेकंदांनी एक हेल्थ चेक धरला तर एका सर्व्हरमागे दिवसाला ८,६४० ओळी, वीस सर्व्हरमागे १,७२,८००. त्यावर कुबरनेटिसच्या दोन वेगळ्या चौकशा येतात. रात्री गिऱ्हाईक नसलेल्या सेवेच्या लॉगमध्ये दुसरे काही दिसतच नाही.

अशा गर्दीवरचा एक उपाय म्हणजे सगळे न लिहिता फक्त नमुना ठेवणे. गूगलने २०१० मध्ये रिक्वेस्टचा माग ठेवणाऱ्या ‘डॅपर’ या आपल्या यंत्रणेविषयी लिहिले तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीत सरासरी १,०२४ रिक्वेस्टमागे एकीचाच माग ठेवला जात असल्याचे सांगितले. गर्दीच्या सेवेत तेवढे पुरते, कारण खरा दोष पुन्हा पुन्हा घडतो. उबरच्या ‘झॅप’ या गो भाषेतल्या लायब्ररीत तयार मिळणारा नियम असा: तोच संदेश एका सेकंदात पहिल्या शंभर वेळा लिहायचा, पुढे दर शंभरावा. हा उपाय गर्दीला चांगला, विरळ बिघाडाला धोक्याचा. महिन्यातून एकदा बिघडणारा व्यवहार नमुन्यातून सहज निसटतो. म्हणून पुढच्या यंत्रणांत रिक्वेस्ट पुरी होईपर्यंत थांबून, चुकलेली किंवा रेंगाळलेली रिक्वेस्ट हमखास ठेवण्याची रीत आली.

गोंगाटाची किंमत किती जबर असते ते २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत ‘टार्गेट’ या दुकानसाखळीत दिसले. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. ब्लूमबर्ग बिझनेसवीकच्या मार्च २०१४ मधल्या वृत्तानुसार घुसखोरीचा इशारा यंत्रणेने दिला होता, कंपनीच्या बंगळूरच्या चमूने तो पाहिला होता आणि मिनीॲपोलिसच्या सुरक्षा चमूला कळवलाही होता. आलेल्या इशाऱ्याची तपासणी झाली होती, पण त्यावर तातडीने कृती करण्याची गरज नाही असा निर्णय झाला, हे कंपनीनेही मान्य केले. आठवड्याला येणाऱ्या असंख्य इशाऱ्यांपैकी तो एक होता.

पुसून टाकण्याचा मार्ग आता कायद्यानेही अरुंद केला आहे. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस आणि भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवणे बंधनकारक झाले. मुंबईतल्या बँका आणि पुण्यातल्या सेवा कंपन्या, सगळ्यांना ते लागू आहे. कार्ड व्यवहारांच्या पीसीआय मानकात तर वर्षभराचा लॉग लागतो आणि त्यातले शेवटचे तीन महिने लगेच उघडता आले पाहिजेत. त्यामुळे आता ओळींची वाटणी होते: सगळ्या ओळी स्वस्त साठ्यात जातात, शोधाच्या महाग यंत्रणेत निवडक ओळी, आणि माणसाच्या फोनवर त्यातल्याही मोजक्याच.

फ्रेमवर्कनीही हा विचार आपल्या मूळ सांगाड्यात घेतला आहे. रेल्सच्या ७.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये, नव्या अ‍ॅप्लिकेशनला हेल्थ चेकसाठी ‘अप’ हा तयार पत्ता मिळाला. २०२४ च्या ८.० आवृत्तीत त्या पत्त्यावरच्या चौकशा लॉगमध्ये न लिहिण्याची ओळ प्रॉडक्शनच्या कॉन्फिगरेशनमध्ये आधीच लिहून येते. तिच्यामुळे एररच्या खालच्या पायऱ्यांच्या नोंदी गप्प होतात. चौकशीचे उत्तर देताना अ‍ॅप्लिकेशनने एरर नोंदवला, तर ती ओळ उमटतेच.